सासबर्गची ती दुपार

आई, तुम्ही गेल्यापासून मला सारखा तो गुलाबी दगड दिसतो. सकाळी अर्धवट जाग येते तेव्हा दिसतो, फार्मसीत औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावताना दिसतो, आणि संध्याकाळी समोरच्या टेकड्यांवर शेवटचं ऊन चढतं तेव्हा तर दिसतोच. तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. तुमची शाल खुर्चीच्या पाठीवर तशीच आहे. बाथरूमच्या खिडकीत तुमची तेलाची बाटली तशीच आहे. आठवायला घरात इतकं काही असताना मला आठवतो तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या एका चर्चच्या भिंतीचा रंग. गाजराच्या हलव्यात दूध जरा जास्त पडलं की येतो तसला रंग, असं तुम्ही म्हणाला होतात.

निरोपाच्या दिवशी हॉलमध्ये सगळे तुमच्याबद्दल खूप चांगलं बोलले. तुमच्या थोरल्यानं, समीरनं, कागदावर इंग्रजीत लिहून आणलं होतं, त्यात तुमच्या पुरणपोळीचा उल्लेख दोनदा आला. इरा बोलायला उभी राहिली, "आजी वॉज हीप्स ऑफ फन" एवढं म्हणाली आणि रडायला लागली. मंडळातल्या बायका मला जवळ घेऊन म्हणाल्या, "आईसारखी सासू गेली गं तुझी." मी मान हलवली. मनात म्हटलं, आईसारखी नव्हती. आईशी मी भांडले असते.

तुमच्याशी मी कितीतरी वर्षं भांडलेच नाही. तुम्ही आमटीत गूळ जास्त घातलात तर मी गप्प, मी इराला रात्री नुसता ब्रेड देऊन झोपवलं तर तुम्ही गप्प. आपण दोघी एकमेकींशी फार चांगलं वागायचो. इतकं चांगलं, की एका छपराखाली राहून आपली ओळख व्हायचीच राहिली. ती झाली सासबर्गला.

गावाचं नाव स्ट्रासबर्ग. तुमच्या तोंडात ते बसेना, तुम्ही सासबर्ग म्हणायचात. मी एकदा हसून म्हटलं, "आई, सासूबर्ग म्हणा, सोपं आहे." तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी धाकट्याला, निनादला, फोनवर सांगताना मात्र खुदकन हसलात, मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

तशी सुरुवात इथंच झाली होती, क्राइस्टचर्चमध्ये. बाबा गेल्यावर तुम्ही आमच्याकडे कायमच्या राहायला आलात तेव्हा इरा बाबागाडीत होती. तुम्ही तिला घेऊन रिकार्टनहून बसनं शहरात जायला शिकलात. साडीवर समीरचं जुनं जाकीट, मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, मुठीत बसचं कार्ड. ड्रायव्हरला ठणकावून "किया ओरा" असा माओरी नमस्कार करायचात आणि तो खूश व्हायचा. शहराच्या मधोमध ते दगडी कॅथेड्रल भूकंपात मोडून पडलेलं. मनोरा गेलेला, पुढची भिंत उघडी, आत कबुतरं, भोवती कुंपण. तुम्ही कुंपणाशी उभ्या राहून त्याला नमस्कार करायचात. एकदा मी बरोबर होते. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

"आई, मोडलेल्या देवाला नमस्कार करत नाहीत ना?"

"देव कुठं मोडलाय? भिंत मोडलीय."

मग मी तुम्हाला थोडं पलीकडचं तात्पुरतं चर्च दाखवलं, जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांनी बांधलेलं. तुम्ही आत जाऊन एका नळीवर टिचकी मारून पाहिलीत. "पुठ्ठ्याचं देऊळ! पाऊस आला की हो?" संध्याकाळी निनादला फोन लावून तुम्ही हे सगळं सांगितलंत आणि शेवटी विचारलंत, "तुमच्याकडं एखादं धड आहे का रे?" निनाद तेव्हा नुकताच जर्मनीत केल गावी राहायला गेला होता. तो म्हणाला, "आई, ट्रामनं नदी ओलांडली की फ्रान्स, आणि तिथं आहे, फार जुनं, आभाळाएवढं." "मग मला दाखव," तुम्ही म्हणालात. ते दाखवायला पुढं बरीच वर्षं गेली. निनादला मुलगी झाली तेव्हा कुठे तुम्ही एवढ्या लांबच्या विमानाला तयार झालात, तेही वृंदा बरोबर असेल तर. समीर आणि इरा इथं राहिले आणि आपण दोघीच निघालो.

त्याआधीचं एक आहे. तुम्हाला ते माहीत आहे, तरी मला आज मोठ्यानं म्हणायचंय. तुमच्या हयातीत मी ते तुमच्यासमोर एकदाच म्हणू शकले.

इराच्या आधी मला दिवस राहिले होते. तुम्ही पहिल्यांदा न्यूझीलंडला आलात ते त्यासाठीच. बरोबर आणलेले अळीव आणि डिंक विमानतळावरच काढून घेतले, स्वेटर तेवढे आले. पांढरे, पिवळे, बोटाएवढ्या बाह्यांचे. सहाव्या महिन्यात सगळं थांबलं. हॉस्पिटलमधल्या नर्सनं मला विचारलं, बाळाला हातात घ्यायचंय का. मी घेतलं. मुलगा होता, एका ओंजळीत मावेल एवढा. ती हळूच म्हणाली, "तुम्ही त्याला काही नाव ठेवणार आहात का?" मी विचार करत होते. तुम्ही दारात उभ्या होतात. तिचं बोलणं तुम्हाला कळलं असावं, कारण तुम्ही समीरकडे बघून म्हणालात, "नाव कशाला? घरी चला."

घरी आल्यावर स्वेटरांचा खोका जागेवर नव्हता. तुम्ही तो शेजारणीबरोबर जाऊन ऑप शॉपमध्ये, त्या जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानात, देऊन आला होतात. मी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्यासमोर भाताचं ताट ठेवलंत आणि म्हणालात, "याचं आता नाव काढायचं नाही. पुढचं बघायचं." समीरनं ते ऐकलं आणि पाळलं. मीही पाळलं. पण आई, मी तुम्हाला माफ केलं नव्हतं. इरा झाली, तुम्ही तिला न्हाऊमाखू घातलंत, रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलात, तरी नाही. तुमच्याशी चांगलं वागणं हीच माझी न बोलण्याची तऱ्हा झाली होती.

तर, सासबर्ग.

निनाद बाळापाशी थांबला, म्हणून केलहून आपण दोघीच निघालो. ट्राममध्ये तुम्ही पर्स छातीशी धरून बसला होतात. खालून नदी गेली, रुंद आणि राखाडी, आणि पलीकडं पाट्यांची भाषा बदलली. "पासपोर्ट बघायला कुणीच आलं नाही?" तुम्ही जरा निराशच झालात. मग त्या अरुंद गल्ल्या, लाकडी पट्ट्यांची घरं, खिडक्यांत लाल फुलं. आपण एका वळणावर आलो आणि गल्लीच्या तोंडाशी आभाळाऐवजी ती भिंतच होती. वर, आणखी वर. तुम्ही मान वर करत करत इतक्या मागं झुकलात की मी पाठीला हात लावला. ऊन होतं, आणि त्या उन्हात सगळा दगड आतून उजळल्यासारखा गुलाबी दिसत होता.

"दगड आहे का गं हा? क्रोशानं विणल्यासारखा दिसतोय." थोड्या वेळानं म्हणालात, "एकच मनोरा. दुसरा इथं पण पडला?"

"पडला नाही आई. बांधलाच नाही."

"दमले असतील."

दारात तुम्ही चपला काढल्यात. मी म्हटलं, इथं काढत नाहीत. तुम्ही ऐकलं नाहीत. कापडी पिशवीत घालून पिशवी खांद्याला लावलीत आणि मोज्यांनी आत गेलात. आत पाऊल टाकल्याबरोबर बाहेरचा सगळा आवाज कुणीतरी उचलून नेला. अंधार होता, पण तो काळा नव्हता. डोळे मिटल्यावर पापण्यांच्या आत दिसतो तसला होता, कुठं निळा, कुठं जांभळा. खांब इतके उंच, की त्यांची टोकं दिसण्याऐवजी नुसती जाणवत होती. काचांमधून आलेले उन्हाचे तांबडे-निळे तुकडे फरशीवर पडले होते आणि तुम्ही त्यांना वळसा घालून चालत होतात, दारातली रांगोळी तुडवू नये म्हणून चालावं तसं. मी बघत राहिले. तुमच्या पांढऱ्या पदरावरून एक निळा डाग सरकत गेला, खांद्यावर थांबला, मग सुटला. अजूनही मला तुम्ही तशाच दिसता. तोंड पलीकडं, पाय न वाजवता, कुठल्यातरी पाण्याच्या तळाशी चालत गेल्यासारख्या.

एका बाजूला वर कठड्यावर कोपर टेकून बसलेला दगडाचा एक माणूस होता. मी फोनवर वाचून तुम्हाला त्याची गोष्ट सांगितली. समोरचा तो नाजूक खांब उभा केला तेव्हा हा म्हणाला होता, एवढ्याशा खांबावर एवढं छत टिकायचं नाही. त्याला सांगितलं, बस मग इथं, पडेपर्यंत बघत. तो बसलाय, शतकं झाली.

तुम्ही त्याच्याकडं बराच वेळ पाहिलंत. "म्हणजे तुझ्यासारखाच."

"माझ्यासारखा?"

"मग? माझी चूक कधी निघते याची वाट बघत बसलेला."

मी इतकी जोरात हसले की खुर्च्यांवर प्रार्थना करत बसलेल्या बाईनं वळून पाहिलं. तुम्ही पदर तोंडाला लावलात. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याबद्दल मला तोंडावर बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. मला ते लागलं नाही. उलट हलकं वाटलं. तुम्हाला सगळं दिसत होतं तर.

पुढं एका बाजूच्या कोनाड्यात मेणबत्त्या जळत होत्या, लहान लहान, पायऱ्यांवर मांडलेल्या. वर बाळ घेतलेली मेरी. तुम्ही थांबलात.

"या कुणासाठी लावतात?"

"ज्याला ज्याच्यासाठी लावायची त्याच्यासाठी. गेलेल्या माणसांसाठी लावतात बहुतेक. बाबांसाठी लावायची का?"

"त्यांचं सगळं यथासांग झालंय." तुम्ही पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होतात. "जिचं काहीच झालं नाही, तिच्यासाठी चालेल का?"

"कुणासाठी?"

"तुझ्या नणंदेसाठी."

मला नणंद नाही. मला वाटलं, प्रवासाचा शीण, अंधार, तुमचा काहीतरी गोंधळ झालाय. मी तुमचा हात धरून जवळच्या बाकावर बसवलं, पाण्याची बाटली पुढं केली. तुम्ही ती नुसती धरून ठेवलीत आणि समोर बघत सांगितलंत. आवाज नेहमीचा होता, दूधवाल्याचं काही सांगावं तसा.

समीरच्या आधी तुम्हाला मुलगी झाली होती. गावात सोय नव्हती म्हणून एसटीनं मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं. मुलगी थोडेच दिवस जगली. तुम्ही तिला एकदाच मांडीवर घेतलंत, तिच्या अंगात ताप होता. "गरम होती, एवढं आठवतं. चेहरा नाही गं आठवत." मग एक दिवस ती पाळण्यात नव्हती. कुठं नेली, कुणी नेली, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. पांढऱ्या टोपीची एक मिशनची सिस्टर तुमच्या खाटेशी येऊन बसली, तुमचा हात हातात घेतला आणि म्हणाली, मला तिच्यासाठी प्रार्थना करायचीय, तिचं नाव काय ठेवलं होतं? तुम्ही तोंड उघडणार, तोच तुमच्या सासूबाई दारातून म्हणाल्या, "नाव कशाला? घरी चला."

आई, मी तिथं बाकावर बसले होते आणि मला वाटलं, खाली जमीन हलतेय. आपल्याकडं हलते तशी. मी दोन्ही हातांनी बाक धरला.

"मग तुम्ही मला तेच कसं म्हणालात?"

तुम्हाला कळलं मी कशाबद्दल बोलतेय. विचारलंसुद्धा नाहीत.

"मला तेवढंच येत होतं," तुम्ही म्हणालात. "मला वाटलं, असंच करायचं असतं. अशानं बाई उभी राहते."

"तुम्ही राहिलात?"

तुम्ही बाटलीचं झाकण उघडलंत आणि परत लावलंत. कुणीतरी ऑर्गनवर बोटं फिरवून पाहत होतं. एकेक सूर वर जायचा आणि खांबांच्या टोकांशी विरून जायचा.

"तू त्याला हातात घेतलंस ना," तुम्ही म्हणालात, "मी दारातून बघत होते. मला तुझा हेवा वाटला. मला कुणी विचारलं नव्हतं. स्वतःच्या पोराला घेऊन बसलेल्या सुनेचा हेवा करते मी, मला माझीच भीती वाटली. म्हणून म्हटलं, घरी चला."

मी तुम्हाला जवळ घ्यायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. मी घेतलं नाही. मी रागावले होते, आई. दुःख समजलं म्हणून राग लगेच उठून जात नाही. मी विचारलं, "आणि स्वेटर? ते का दिलेत?"

"कुणाच्यातरी अंगाला लागले असतील. घरात असते तर तू रोज काढून बसली असतीस."

"बसले असते. मग?"

"मग काय," तुम्ही म्हणालात. "बसायचं होतं तुला. कळलं मला नंतर."

एवढंच. याहून जास्त माफी तुम्ही आयुष्यात कुणाची मागितली नसेल. तुम्ही उठलात, मोज्यांनी त्या पायऱ्यांपाशी गेलात. वात पेट घेईना. मी मनगट धरलं. ज्योत लागल्यावर तुम्ही ती मेणबत्ती अगदी कडेला ठेवलीत, इतरांच्यात नको म्हणून की गर्दीत हरवायला नको म्हणून, मला माहीत नाही. मी विचारलं, "मनात तिला काय म्हणता तुम्ही?"

"काही नाही. बाई म्हणते. माझी बाई."

मग दुसरी मेणबत्ती उचलून माझ्या हातात दिलीत. "तुझ्याची लाव."

त्या दोन ज्योतींसमोर आपण किती वेळ उभ्या होतो, मला सांगता येणार नाही. उन्हाचे तुकडे फरशीवरून सरकत भिंतीपर्यंत गेले होते. माणसं येत होती, जात होती, त्यांच्या पावलांचा आवाज फार लांबून यायचा. माझ्या आत इतकी वर्षं आवळून धरलेलं काहीतरी सैल होत होतं, पण दुखतही होतं, बधिर पायात रक्त परत येतं तसं. तेवढ्यात खांबांपलीकडून मोठ्यानं कोंबडा आरवला. तिथं एक जुनं अवाढव्य घड्याळ आहे, त्यातला यंत्राचा कोंबडा. निनादनं तेच आवर्जून बघा म्हणून सांगितलं होतं, आणि आपलं राहूनच गेलं.

"भर दुपारी कोंबडा?" तुम्ही म्हणालात, आणि डोळे पुसलेत. तेव्हा मला कळलं की तुम्ही रडत होतात.

परतताना ट्राममध्ये मी म्हटलं, "समीरला सांगायला हवं."

"कशाला?"

"त्याची बहीण होती, आई. निनादची पण."

"सांगून काय ती येणार आहे? त्या दोघांना मी जशी माहीत आहे तशीच राहू दे."

"आणि इराला आत्या होती, ते?"

"वृंदा, पुरे."

"नाही पुरे. तुम्ही तेच करताय परत."

आपला आवाज चढला होता. ट्रामभर मराठी. समोरचा म्हातारा वर्तमानपत्र खाली करून कौतुकानं बघत होता. नदी आली, तुम्ही खिडकीबाहेर तोंड केलंत. पूल संपायला आला तेव्हा म्हणालात, "बघू." ते आपलं पहिलं भांडण. केलच्या स्टॉपवर उतरताना तुम्ही नेहमीसारखा माझा दंड धरलात, फक्त त्या दिवशी जरा घट्ट.

त्यानंतर आपण कशाकशावरून भांडलो नाही! गुळावरून, हीटरवरून, इराच्या शाळेच्या स्लीपओव्हरवरून, तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून, त्या 'डेअरी'तून, रोज आणत असलेल्या लॉली-गोळ्यांवरून. समीर घाबरून म्हणायचा, "तुमचं काय बिनसलंय?" त्याला कसं सांगणार की आमचं जुळलंय. मी इराला तिच्या भावाबद्दल सांगितलं तेव्हा तुम्ही सोफ्यावर भाजी निवडत होतात. उठून गेला नाहीत. इरानं विचारलं, "वॉज ही क्यूट?" तुम्हीच म्हणालात, "तुझ्यासारखंच नाक होतं." दारातून, तेवढ्या लांबून, तुम्ही नाक पाहिलं होतंत. मला आठवत नव्हतं, आई, त्याचं नाक. ते तुम्ही मला परत दिलंत, याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते.

तुमच्या बाईबद्दल मात्र तुम्ही कुणाला सांगू दिलं नाहीत. मी मधूनमधून विषय काढायची. तुम्ही "बघू" म्हणायचात. शेवटचं विचारलं ते या शरदात, म्हणजे इथल्या एप्रिलमध्ये, परसातल्या झाडाखाली पेरूसारखे हिरवे फिजोआ गोळा करताना. बादली भरत आली होती, तुम्ही एक फळ हुंगून म्हणालात, "आज नको. आज याचा मुरंबा करायचाय." मुरंबा केलात. पुढच्याच आठवड्यात जेवून जरा आडव्या झालात आणि उठला नाहीत. इरा शाळेतून येऊन तुमच्या शेजारी बसून फोन बघत होती. तिला वाटलं, आजी झोपलीय. तिला अजून त्याचं वाईट वाटतं. मी तिला सांगते, तू शेजारी होतीस, तेवढं खूप झालं.

तुम्ही गेल्यावर मी लगेच ठरवू शकले नाही. तुम्ही नाही म्हटलं नव्हतंत, हो पण म्हटलं नव्हतंत. जी गोष्ट तुम्ही तुमच्या हातांनी फक्त मला दिलीत, ती मी दुसऱ्या कुणाला देऊ का? मग वाटायचं, दिली नाही तर माझ्याबरोबर ती संपेल, आणि मग ते 'घरी चला' तिसऱ्यांदा, या वेळी मीच, म्हटल्यासारखं होईल.

गेल्या रविवारी भल्या सकाळी समीर तुमच्या साड्यांच्या घड्या घालत होता. त्याला घड्या येत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. मी मदतीला गेले तर म्हणाला, "राहू दे, मी करतो." थोड्या वेळानं, वर न बघता, त्यानं विचारलं, "आई तुझ्याशी बोलायची. मला कधी कधी वाटायचं, माझ्याशी बोलत नाही असं काहीतरी तुझ्याशी बोलते. बोलायची का?"

मी दार लोटलं आणि त्याच्या शेजारी पलंगावर बसून सांगितलं. एसटी, दवाखाना, ताप, सिस्टर, दारातला आवाज. मेणबत्तीही सांगितली. तो साडी मांडीवर घेऊन ऐकत होता. रडला नाही. नुसतं विचारलं, "कुठं ठेवलं तिला?"

"त्यांनाही माहीत नव्हतं."

त्यानं साडीचा काठ अंगठ्यानं सरळ केला. मग म्हणाला, "मी लहान असताना एकदा राखीपौर्णिमेला खूप रडलो होतो. सगळ्यांच्या हातात राख्या, माझ्याच नाही. मी आईला म्हटलं, मला बहीण का नाही? तर तिनं मला फाडकन मारलं. आयुष्यात एकदाच मारलं तिनं मला. मग स्वतःच आत जाऊन दार लावून घेतलं. मी दाराबाहेर बसून सॉरी म्हणत होतो. मला कळेचना, माझं काय चुकलं."

हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत, आई. बहुतेक त्यालाही कधी समजावलं नसणार. इतकी वर्षं ते मूल तिथंच बसून होतं, बंद दाराबाहेर. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं साडीची घडी नीट घातली, या वेळी बरोबर जमली, आणि तो फोन घेऊन मागच्या अंगणात गेला. तिकडं निनादची शनिवारची संध्याकाळ होती. खिडकी उघडी होती आणि फोन स्पीकरवर. निनादच्या मुलीचा खेळण्याचा आवाज ऐकू आला, मग निनादचा घाबरलेला. हल्ली आपल्या घरातून अवेळी फोन गेला की तो घाबरतो.

"नाही नाही, सगळे बरे आहेत," समीर म्हणाला. "बस जरा खाली. बसलास? अरे निनाद, आपल्याला एक ताई होती."